सुई, गवत आणि कप्तानी

ही सगळी भानगड माझ्या डाव्या गुडघ्यापासून सुरू झाली. गुडघा माझा, त्याच्यावर आपटले मी, पण त्याच्याबद्दल स्वतःचं मत नाही असा माणूस अख्ख्या इंझोरीत सापडला नसता. खो-खोच्या सरावात मी सूर मारला आणि खांबाशेजारी पडले, एवढीच हकिकत. संध्याकाळी आई म्हणाली, गुडघा टरबुजाएवढा झाला. आई सगळ्या सुजा टरबुजातच मोजते. फार तर संत्र्याएवढा होता.

मी म्हणजे भागिरथा भिवाजी इंगळे, इयत्ता नववी, शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. हे वाक्य वाटल्यास पुन्हा एकदा वाचा, कारण ते या गोष्टीत फार वेळ खरं राहणार नाही.

कप्तानी काही कुणी घरी आणून दिली नव्हती. आमचं घर बौद्धपुऱ्यात. बाबा सोसायटीत कारकून आहेत, अंगात इस्त्रीचा सदरा आणि मनगटावर घड्याळ असतं, म्हणून तोंडावर त्यांना सगळे 'इंगळेबाबू' म्हणतात. पण हेमसिंग सरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या सरांनी, माझं नाव कप्तान म्हणून फळ्यावर लिहिलं आणि शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव त्याच दुपारी हेडमास्तरांकडे हजर झाले. त्यांची मुलगी बेबी आमच्याच संघात आहे.

"मास्तर, पुऱ्यातली पोरगी खो म्हणन अन् आमची बेबी उठून पळन काय?"

हेडमास्तर पंजाबराव टेबलावरचा रूळ सरळ करत बसले. कठीण प्रश्न आला की ते रूळ सरळ करतात. उत्तर हेमसिंग सरांनी दिलं. म्हणाले, "दौलतरावजी, तुमी स्वतःच दोघींले पळवून पाहा नं." दौलतरावांनी आम्हा दोघींना खांबापासून खांबापर्यंत तीनदा पळवलं. तिन्ही वेळा मी पुढे. बेबी मागून धापा टाकत मला म्हणाली, "माय वो, हळू पळ नं जराशी, बाबा पाहून राह्यले." पण मी कशाला हळू पळू? कारण सापडलं नाही म्हणून दौलतराव घरी गेले. ते कारण शोधायलाच घरी गेले होते, हे मला फार उशिरा समजलं.

तर त्या शहात्तर सालच्या दिवाळीनंतर धनजच्या शाळेच्या मुली आमच्या मैदानावर सामना खेळायला येणार होत्या. बाजाराच्या दिवशी, म्हणजे एसटीची सोय होते. इंझोरीच्या मैदानावर मुलींचा सामना याआधी कधी झाला नव्हता. त्या मैदानावर तोपर्यंत मुख्यतः गाजर गवत खेळायचं. हे पांढऱ्या फुलांचं गवत आमच्याकडे दोन-तीन वर्षांतच आलं, पण असं माजलं की जणू गावाचा सातबारा त्याच्या नावावर आहे. रोज सरावाआधी आम्ही मुली उघड्या हातांनी ते उपटायचो. मी सगळ्यांत जास्त उपटलं, कारण मी कप्तान. मला एक फोड आला नाही की साधी खाज सुटली नाही. हे नीट लक्षात ठेवा. गावात कुणी ठेवलं नाही.

गुडघ्यासाठी बाबा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमच्याकडे डॉक्टर रोज नसतो. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर मोटारसायकलवर येतात आणि लखीरामच्या हॉटेलाच्या ओट्यावर बसतात. एका टोकाला भजी तळतात, दुसऱ्या टोकाला सुया उकळतात. डॉक्टरांच्या पेटीत औषधं पुष्कळ होती, पण श्रद्धा एकाच कुपीवर होती. आतलं औषध दुधासारखं पांढरं.

"स्टेरॉइड," डॉक्टर बाबांना म्हणाले. "नवीन आहे. सूज, दमा, खाज, सांधे, कशावरही द्या. मुलगी हरणासारखी पळेल."

पहिली सुई घेतली आणि खरोखरच मी पळाले. दोन दिवसांत सूज उतरली. मी आईसमोर उठाबशा काढून दाखवल्या. बाबांनी गावभर सांगितलं की आता विज्ञान फार पुढे गेलं आहे.

पुढच्या बाजारी डॉक्टर म्हणाले, "अजून एक घेऊन टाक, पक्कं काम होईल." घेतली. ओट्यावरून उतरून रहमतबीच्या बांगड्यांच्या दुकानापर्यंत आले तर तळहात चुळचुळायला लागले. मारुतीच्या पारापर्यंत मान. घराच्या दारात पोचले तेव्हा अंगभर गांध्या उठल्या होत्या, लाल, जाड, एकमेकींना चिकटलेल्या, नकाशात तालुके असतात तशा. आईनं मला पाहिलं आणि हातातलं सूप खाली टाकलं.

बाबांनी मला तसंच उलटं फिरवलं आणि परत ओट्यावर नेलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या सुईनं झालं."

डॉक्टर इतके हसले की भजी तळणारा लखीरामही कारण न कळता हसला.

"अगं, ही सुई खाजेवरच देतात! हिच्यानं खाज आली म्हणणं म्हणजे पाण्यानं माणूस वाळला म्हणण्यासारखं आहे."

"पण आली नं."

"मागच्या बाजारी पण हीच दिली होती. तेव्हा काही झालं?"

"नाही."

"मग?"

बाबा तर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू मी विज्ञानाच्या तोंडावर थुंकले. डॉक्टरांनी गांध्यांवर उपाय म्हणून तीच सुई पुन्हा दिली. रात्रीपर्यंत माझे ओठ भज्यांएवढे झाले आणि डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या. श्वासही जरा जड जायला लागला, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी आणखी एक सुई द्यायला नेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारच्या भुरीबाईनं उंबऱ्यातूनच हात जोडले आणि आईला म्हणाली,

"चंपाबाई, पोरीले माता आली वो. कडुलिंब टांगा. भाजीले फोडणी देऊ नोका."

रहमतबी बांगड्यांची टोपली घेऊन आत आली आणि माझी हनुवटी वर करून म्हणाली, "माता-वाता कुछ नहीं, ये तो पित्ती उछली है. गेरू मलो, घोंगडी ओढाओ, पसीना निकलने दो."

आई कुणालाच नाराज करत नाही. तिनं कडुलिंब टांगला, फोडणी बंद केली, मला डोक्यापासून पायापर्यंत गेरू फासला आणि घोंगडीत गुंडाळलं. काळी घोंगडी गांध्यांवर कशी लागते हे मी लिहीत नाही. ज्यांना हवं त्यांनी गुंडाळून पाहावं. खिडकीतून मुली बघायला येत आणि मी आतून कप्तानासारखा आवाज काढून ओरडत असे, "सराव केला का व? गुमान मैदानावर जा!" गेरू फासलेल्या माणसाचा हुकूम कुणी ऐकत नाही. मुली खिदळत पळून जात.

आता लखीराम. सरकारनं तेव्हा भिंतीभिंतीवर रंगवलं होतं की देवीचा रोगी दाखवा आणि मोठं बक्षीस मिळवा. देश देवीमुक्त झाला की नाही याची शेवटची झडती चालली होती. भुरीबाईनं 'माता' म्हटलेलं लखीरामनं हॉटेलात ऐकलं, त्याच्या डोळ्यांपुढे हॉटेलावर टिनाचं नवीन छप्पर उभं राहिलं आणि भजी अर्धी टाकून तो सायकलवर वर्दी द्यायला गेला. म्हणजे मी आजारी पडून निदान कुणाच्या तरी छपराची सोय होत होती.

दोन दिवसांनी सरकारी जीप आली. त्या साली सरकारी जीप म्हटलं की गावातल्या बाप्यांना एकच ऑपरेशन आठवायचं, ते कसलं हे मोठ्यांना ठाऊक आहे, मी लिहिलं तर आई ओरडेल. जीपची धूळ दिसली आणि पाच मिनिटांत इंझोरीत बाप्या म्हणून उरला नाही. तुरीत गेले, नाल्यात गेले. दौलतराव स्वतःच्या कडब्याच्या गंजीत शिरले, हे बेबीनंच मला सांगितलं. हेडमास्तर नकाशांच्या खोलीला आतून कडी लावून बसले. आणि ज्यानं जीप बोलावली तो लखीरामही सवयीनं तुरीत पळाला. जीपमधल्या साहेबांनी विचारलं, "वर्दी कुणी दिली?" तर सांगायला कुणीच नव्हतं. असं ते बक्षीस तुरीत गेलं.

माझ्यापुढे उरल्या त्या सगळ्या बाया. साहेबांनी माझ्या दंडावरचा गेरू ओल्या बोळ्यानं पुसला, गांध्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "देवी नाही. ही ॲलर्जी. काय हाताळलंस?"

मी तोंड उघडायच्या आत बाया एका सुरात म्हणाल्या, "गवत उपटते जी थे मैदानावरचं!"

"गाजर गवत? बरोबर. त्याचं असंच होतं."

"साहेब, गवतानं नाही," मी म्हटलं. "सुई घेतली आणि लगेच उठलं. दोनदा."

"कसली सुई?"

बाबा तेव्हा तुरीत असल्यामुळे आईनं सांगितलं, "पांढरी, दुधावानी."

साहेबही हसले. त्या औषधाला हसवण्याचा काही तरी गुण असावा. "बाई, माझ्याजवळ असतं तर मीही तेच दिलं असतं. पोरीला मैदानापासून लांब ठेवा." आणि जीप गेली.

संध्याकाळी गाव तुरीतून परत आलं. अंगावरचा कचरा झटकता झटकता दौलतरावांना कारण सापडलं. सकाळी शाळेतून निरोप आला: सरकारी सल्ल्याप्रमाणे भागिरथा इंगळेनं मैदानावर पाऊल ठेवू नये. कप्तान बेबी.

आता माझी अडचण नीट समजून घ्या, कारण ती मी सोडून कुणी समजून घेतली नाही. गांध्या सुईनं उठल्या असतील तर सुई टाळायची आणि खेळायचं, विषय संपला. गवतानं उठल्या असतील तर मैदानच बंद, आज नाही, कायमचं. म्हणजे माझी कप्तानी माझ्या पायांवर नाही, गांध्या कशानं उठल्या यावर अडली होती. आणि गवताला जात नसते, म्हणून ते सगळ्यांना सोयीचं पडलं. हेडमास्तर मला अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, तुझ्या भल्यासाठीच हाये." 'पुऱ्यातली' असा शब्दसुद्धा कुणाला काढावा लागला नाही.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून हेडमास्तरांकडे भांडायला गेले आणि चहा पिऊन आले. चहा मिळाला की बाबांचं भांडण संपतं हे गावाला माहीत आहे. म्हणाले, "वरून सांगतलं हाये. आपण नोकरीवाले लोक, भागिरथे." मी म्हटलं, "नोकरी तुमची आहे, गुडघा माझा आहे." आईनं पोळपाट आपटला, म्हणजे विषय बंद.

बेबी विहिरीवर भेटली. "मले नाई व्हायचं व कप्तान," ती म्हणाली. "मले तं टॉससुद्धा जिंकता येत नाई."

"मग सांग नं बाबांना."

"तूच सांग. तुले कोनाचं भेव नाई."

ते मात्र खरं होतं. मी सरळ मैदानावर गेले. गांध्या तोवर बसल्या होत्या. हेमसिंग सर चुन्यानं रेषा मारत होते, हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. रेषेपलीकडे जिथं गवत अजून कमरेएवढं होतं, तिथं जाऊन मी आडवी झाले आणि गाढवासारखी लोळले. फुलं तोंडावर चोळली, पानं दंडांवर चुरगाळली. नंतर व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. शाळेची सुट्टी होऊन शेवटचं पोरगं घरी जाईपर्यंत बसले. एक गांधी उठली नाही.

"सर, पाहा."

हेडमास्तरांनी चष्मा लावून माझे हात पाहिले, उलटे करून पाहिले आणि समाधानानं मान हलवली. "तीन सुया गेल्या नं अंगात? त्या राखण करून राह्यल्या. अंमल उतरला की उठन."

"मग अंमल उतरेपर्यंत खेळू द्या! सामना चार दिवसांवर आहे."

"थे सरकारी सल्ल्याच्या विरुद्ध होते."

अशा माणसाशी कुणी काय बोलावं? मी बोललेच. म्हटलं, "सुई राखण करते म्हणता, तर सामन्याच्या दिवशी मला सगळ्यांसमोर सुई द्या. काही झालं नाही तर मी कप्तानी सोडली. गांध्या उठल्या तर सुईनं उठतात हे खरं, आणि कप्तानी माझी."

हेमसिंग सर चुन्याचं घमेलं खाली ठेवून म्हणाले, "येडी झाली काय? उठल्या तं खेळशीन कशी?"

"त्या दिवशी नाही खेळणार. पुढचं वर्षभर खेळीन."

रूळ जवळ नव्हता म्हणून हेडमास्तरांनी घड्याळाची साखळी सरळ केली आणि म्हणाले, "मंजूर."

बाजाराचा दिवस उजाडला. धनजच्या मुली एसटीतून उतरल्या, त्यांच्या एकसारख्या निळ्या फिती आणि तोंडात चघळत असलेली बोरं, मला अजून सगळं दिसतं. अर्धा बाजार मैदानाच्या कडेला गोळा झाला. डॉक्टरांना माझ्या आव्हानाचा फार अपमान वाटला होता. ते पेटी घेऊन स्वतःच्या पायांनी मैदानावर आले. हेमसिंग सर हळूच म्हणाले, "ओट्यावरच देऊ का, डॉक्टरसाहेब?" पण डॉक्टर म्हणाले, "नाही, सगळ्यांसमोर." आणि मलाही तेच हवं होतं. सगळ्यांसमोर! या एका शब्दाच्या हौसेपायी माझी अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे.

"नंतर माफी मागशील नं?" डॉक्टरांनी सुई भरत विचारलं.

"तुम्ही मागाल," मी म्हटलं. धनजच्या मुली माझ्याकडे तोंड वासून बघत होत्या. इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सुई दंडात गेली. टॉस झाला, बेबी हरली. धनजच्या मुली बसल्या, आमच्या पळायला उभ्या राहिल्या, आणि माझे तळहात चुळचुळले. मी ओरडले, "पाहा! आल्या! सर, पाहा!" मानेवर आल्या, पोटावर आल्या, कान तापले. मी गांध्यांचे हात दोन्ही बाजूंना पसरून लोकांना दाखवत होते, जणू काही पदकं. आई गर्दीतून धावत आली. मी तिला म्हटलं, "आई, खरं ठरलं!"

हेडमास्तरांनी माझे हात पाहिले नाहीत. ते माझ्या पायांकडे बघत होते. मी उभी होते तिथं, चुन्याच्या रेषेला लागून, सकाळीच उपटलेल्या गाजर गवताचा ढीग पडला होता.

"मैदानावर पाय ठेवला," ते गर्दीकडे वळून हळू म्हणाले, "अन् उठलं."

"सुई घेतली म्हणून उठलं!"

"सुई तं तुले वाचवाले दिली, पोरी. गवतापुढं तिचं बी चाललं नाई, इतका जबर त्रास हाये तुले."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "गवतच," ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो?" ते तसं काही म्हणत नव्हते, पण गर्दीनं मान डोलावली. दौलतराव पुढे आले आणि माझ्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आजपर्यंत त्यांनी बाबांना हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"इंगळेबाबू, पोरीले घरी न्या. जिवाशी खेळ नोको."

माझी जीभ जड झाली होती. मला पुष्कळ बोलायचं होतं, नुसतं 'सु सु' असं काहीतरी निघालं आणि धनजच्या मुली हसल्या. डॉक्टर आणखी एक सुई भरायला लागले तेव्हा मात्र आईनं, ज्या आईनं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं तिनं, त्यांचा हात मनगटात धरला. "बस्स झालं जी," ती म्हणाली, आणि मला ओढत घरी नेलं. घरी तिनं गेरू लावला नाही. घोंगडीही काढली नाही. नुसती शेजारी बसून राहिली आणि माझा श्वास ऐकत होती.

सामना आम्ही हरलो. बेबीनं रडत येऊन सांगितलं.

गांध्या दोन दिवसांत बसल्या. निर्णय बसला नाही, वाढला. शाळा समितीच्या बैठकीत दौलतरावांनी मोठ्या कळवळ्यानं सांगितलं की एका पोरीच्या जिवावर बेतलं, उद्या दुसरीच्या बेतेल, तर पुऱ्यातल्या मुलींना या गवताचा त्रास होतो असं दिसतं, म्हणून त्यांनी खेळाच्या तासाला वर्गात शिवणकाम करावं. बाबा त्या बैठकीला होते. त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. चहा होता असं ऐकलं. आमच्या पुऱ्यातल्या आणखी तीन मुली संघात होत्या. त्या आता माझ्यामुळे रुमालांना टाके घालतात. त्यातली एक माझ्याशी बोलत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

परवा खिडकीजवळ बसून मी काज करत होते, वेडंवाकडं. बाहेर मैदान साफ करायला शाळेनं मजुरीवर बाया लावल्या होत्या. सगळ्या आमच्याच पुऱ्यातल्या. माझी गोमतीबाई मावशी सगळ्यांत पुढे होती. उघड्या हातांनी ती गवत उपटत होती, मुठीच्या मुठी, आणि घाम आला की त्याच हातानं तोंड पुसत होती. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते.

मी खिडकीतून ओरडून विचारलं, "मावशे, खाज सुटते का वो?"

"कायची खाज?" मावशी म्हणाली.

"हात चालवा व बायाहो," हेडमास्तर म्हणाले, "पोरींले खेळाले उशीर होऊन राह्यला."